वाचा, चित्त आणि मेंदू : मज्जामानसशास्त्रातील प्रमुख सिद्धांतांचा परिचय

‘अंगावरून वारे गेले’ हा शब्दप्रयोग बीड जिल्ह्यात गावोगावी परिचित आहे. धडधाकट माणसाचा एका बाजूचा हात व पाय अकस्मात लुळा पडतो, तोंड वाकडे होते आणि पुष्कळदा त्याची वाचाही जाते. असे रुग्ण ज्यांनी लक्षपूर्वक पाहिले असतील त्यांना एक गोष्ट जाणवली असेल. शब्दच न सापडण्याचा प्रसंग प्रायः उजवे अंग लुळे पडलेल्यांवर येतो. डावे अंग गेलेल्या माणसाची जीभ जड झाली तरी त्याची भाषा बहुधा टिकून राहते. हा भेद का पडावा? आणि ज्याची वाचा गेली त्याचे चित्तही गेले असे समजून घरातील मंडळी त्याच्या देखत त्याच्याविषयी जे बोलतात, ते कितपत योग्य आहे?

या प्रश्नांची उत्तरे शोधणाऱ्या शास्त्रास मज्जामानसशास्त्र म्हणतात. मेंदूची रचना आणि मनाची कार्ये यांचा परस्परसंबंध तपासणे हा त्याचा विषय होय. त्यातील वाद वरवर पाहता वैद्यकाचे वाटतात. परंतु त्यांच्या तळाशी आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचा एक प्रश्न दडलेला आहे. माणसाची बुद्धी त्याच्या मेंदूत जन्मतःच कोरलेली असते, की ती घडत जाते? बुद्धी जन्मावरून ठरते असे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले, त्यांनी या शास्त्राचे म्हणणे मुळातून समजून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

पाली वाङ्मयातील एक मोकळी जागा

पालीच्या अभ्यासकास हा विषय अगदीच परका नाही. महासतिपट्ठान सुत्तात शरीराचे जे भाग मोजले आहेत ते ३१ असून त्यांत मेंदूचे स्वतंत्र नाव नाही. खुद्दकपाठात हीच यादी ३२ भागांची होते व तेथे ‘मत्थलुङ्ग’ म्हणजे मस्तकातील मेंदू याची भर पडलेली दिसते. विनयपिटकाच्या महावग्गात जीवक वैद्याने राजगृहाच्या श्रेष्ठीचे मस्तक उघडून आतील दोन किडे काढल्याची व नंतर त्वचा शिवल्याची कथा आहे. मस्तकाच्या आत काय आहे याविषयीचे कुतूहल या वाङ्मयात होते, एवढे यावरून म्हणता येते.

मात्र चित्ताचे अधिष्ठान कोणते, हा प्रश्न निराळा. अभिधम्माच्या पट्ठान या ग्रंथात, ज्या रूपाच्या आश्रयाने मनोधातू व मनोविञ्ञाणधातू प्रवृत्त होतात त्या रूपाचा उल्लेख येतो. पण त्या रूपाचे नाव तेथे दिलेले नाही. पुढे अट्ठकथाकारांनी ती जागा ‘हदयवत्थु’ या शब्दाने भरली. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांचा विसुद्धिमग्ग हाच पक्ष मांडतो. आजचे शास्त्र हृदयाचा पक्ष मान्य करीत नाही. म्हणून मूळ ग्रंथाने मोकळी ठेवलेली जागा आता मेंदूने भरून, ‘हे सर्व आपल्याकडे आधीच सांगितले होते’ अशी फुशारकी मारण्याचा मोह कोणास होईल. तो मोह आम्ही टाळतो. श्रद्धेच्या आधारे शरीरशास्त्र सिद्ध होत नसते. ते परीक्षणानेच सिद्ध व्हावे लागते.

कवटीवरील उंचवटे आणि माणसांची प्रतवारी

मेंदूच्या वेगवेगळ्या भागांकडे मनाची वेगवेगळी कार्ये असतात, हा विचार आधुनिक काळात ठामपणे मांडणारा पहिला प्रसिद्ध पुरुष म्हणजे व्हिएन्ना येथील वैद्य फ्रान्झ योसेफ गाल (१७५८–१८२८). त्याने मनाच्या २७ शक्ती कल्पिल्या, प्रत्येकीला मेंदूत एकेक जागा नेमून दिली आणि जी शक्ती प्रबळ तिची जागा फुगून वरची कवटी उंचावते, असे प्रतिपादन केले. मेंदू हे मनाचे इंद्रिय आहे, हा त्याच्या म्हणण्यातील भाग टिकला. कवटी चाचपून स्वभाव सांगण्याचा भाग मात्र निखालस खोटा ठरला.

खोटा ठरला तरी तो निरुपद्रवी नव्हता. १८२५ साली कलकत्त्यास या कवटीविद्येचे एक मंडळ स्थापन झाले. १८३० च्या दशकात फाशी दिलेल्या ठगांच्या कवट्या परीक्षणासाठी एडिंबरोस पाठविण्यात आल्या. गुन्हेगारी माणसाच्या हाडांतच असते, हे दाखविण्याची ती धडपड होती. पुढे कवटीबरोबर नाकाचेही मोजमाप सुरू झाले. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणावरून भारतातील जातींची वांशिक उतरंड लावू पाहिली. याच मोजमापांचा आधार घेऊन बाबासाहेब डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात उलट निष्कर्ष काढून दाखविला. ब्राह्मण व अस्पृश्य यांच्या मापांत वंशभेद सिद्ध करणारे अंतर नाही; म्हणून अस्पृश्यतेचे मूळ वंशात शोधणे व्यर्थ आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. प्रतिपक्षाचीच आकडेवारी तपासून प्रतिपक्षाचा सिद्धांत मोडून काढण्याची ही रीत अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ब्रोका आणि वेर्निके : स्थाननिश्चितीचा पक्ष

कवटी बाजूस सारून प्रत्यक्ष मेंदू पाहण्याचे महत्त्वाचे काम १८६१ साली पॅरिस येथे पॉल ब्रोका या शल्यवैद्याने केले. त्याच्यापुढे लबोर्न नावाचा एक रुग्ण आला. हा मनुष्य कित्येक वर्षे ‘तां’ या एका अक्षरापलीकडे फारसे काही बोलू शकत नव्हता. परंतु त्याला बोललेले बरेचसे समजत असे. त्याचे उजवे अंगही लुळे पडले होते. त्याच्या मृत्यूनंतर ब्रोकाने मेंदू तपासला तेव्हा डाव्या अर्ध्या भागात, कपाळामागील खंडाच्या खालच्या अंगास इजा आढळली. अशाच आणखी रुग्णांच्या आधारे १८६५ साली त्याने सांगितले की वाचेचे कार्य मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाकडे असते.

येथे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. मेंदूकडून शरीराकडे जाणारे हालचालींचे तंतू मेंदूच्या देठाशी बाजू बदलतात. त्यामुळे उजव्या अंगाचे नियंत्रण डाव्या मेंदूकडे असते. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक सर्व माणसांत आणि डावखुऱ्यांपैकीही बहुसंख्यांत भाषा डाव्या मेंदूकडे असते. म्हणून डाव्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की उजवे अंग आणि वाचा यांवर एकाच वेळी घाला पडतो. त्यात ना वाऱ्याचा संबंध आहे, ना करणीचा.

१८७४ साली कार्ल वेर्निके या २६ वर्षांच्या जर्मन वैद्याने दुसऱ्या प्रकारचे रुग्ण दाखविले. ब्रोकाचा रुग्ण तुटक बोलतो. ‘काल मी शेतात गेलो होतो’ असे म्हणावयाचे असता तो ‘काल... शेत...’ एवढेच कष्टाने उच्चारतो. विभक्ती व क्रियापद गळून पडतात, पण म्हणणे कळते. वेर्निकेचा रुग्ण भरभर बोलतो, स्वरही नेहमीचा असतो. मात्र शब्द भलतेच येतात, अर्थ लागत नाही, आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला नीट समजत नाही. याची इजा डाव्या कानशिलामागील खंडाच्या मागील अंगास असते. वेर्निकेचे खरे महत्त्व यापुढे आहे. ऐकण्याची जागा व उच्चारण्याची जागा शाबूत असूनही त्यांना जोडणारा तंतूंचा मार्ग तुटला तर भाषा बिघडेल, असे त्याने तर्काने सांगितले. येथून ‘जागा’ या कल्पनेच्या बरोबरीने ‘जोडणी’ ही कल्पना शास्त्रात आली. १९६५ साली अमेरिकेतील नॉर्मन गेश्विंड यांनी तिचे पुनरुज्जीवन केले.

एक गोष्ट नमूद केली पाहिजे. वाचेचा शोध लावणारा हाच ब्रोका कवट्यांची मापे घेऊन मानववंशांची प्रतवारी लावण्यातही अग्रेसर होता. एका प्रश्नात परीक्षणाशी प्रामाणिक असणारा विद्वान दुसऱ्या प्रश्नात आपल्या काळाच्या पूर्वग्रहाचा बंदी असू शकतो.

समग्रतेचा पक्ष आणि जॅक्सन यांचा इशारा

स्थाननिश्चितीच्या विरुद्ध दुसरा पक्षही प्रथमपासून होता. गालचा प्रतिस्पर्धी प्येर फ्लूरान्स याने १८२० च्या दशकात पक्ष्यांच्या मेंदूचे भाग काढून प्रयोग केले आणि बृहन्मस्तिष्क एकजिनसीपणे कार्य करते, असा निर्णय दिला. शंभर वर्षांनी अमेरिकेतील कार्ल लॅशली यांनी उंदरांना चक्रव्यूहाची वाट शिकविली व मग त्यांच्या मेंदूच्या बाह्यकाचे निरनिराळे भाग काढून पाहिले. स्मृतीची एक नेमकी जागा त्यांना सापडली नाही. किती भाग काढला यावर विस्मरण अवलंबून राहिले. १९२९ साली त्यांनी हे निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले.

हा पक्षही अर्धसत्यच ठरला. उंदीर चक्रव्यूहातील वाट डोळ्यांनी, नाकाने, मिशांनी व पायांच्या हालचालींनी मिळून लक्षात ठेवतो. एक मार्ग बंद झाला तर दुसरा उपयोगी पडतो. यावरून मेंदूचे सर्व भाग सारखेच आहेत असे होत नाही. एक कार्य अनेक भागांच्या सहकार्याने घडते, एवढेच सिद्ध होते.

या दोन्ही पक्षांच्या मधली वाट इंग्लंडमधील जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखविली होती. कोणत्या जागी इजा झाली असता वाचा जाते हे सांगणे वेगळे आणि वाचा त्या जागी राहते असे म्हणणे वेगळे, हा त्यांचा इशारा आजही मोलाचा आहे. मोटेची दोरी तुटली तर पाणी येणे थांबते. म्हणून पाणी दोरीत होते असे कोणी म्हणत नाही. जॅक्सन यांनी आणखी एक निरीक्षण नोंदविले. ज्यांना हेतुपूर्वक एक शब्दही उच्चारता येत नाही, असे रुग्ण भावनेच्या भरात एखादा उद्गार वा शिवी स्पष्ट उच्चारून जातात. स्वतःचे नाव सांगू न शकणारा मनुष्य आकडे, वारांची नावे अथवा बालपणापासून म्हटलेले त्रिसरण इतरांबरोबर कधी कधी ओळीने म्हणतो. घरच्यांना हे ढोंग वाटते. ते ढोंग नव्हे. सवयीने वाहणारी भाषा आणि विचारपूर्वक योजिलेली भाषा यांची मेंदूतील व्यवस्था भिन्न आहे, असा त्याचा अर्थ आहे.

वाचा म्हणजे चित्त नव्हे, याचा सर्वांत ठळक पुरावा रॉजर स्पेरी व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनातून मिळाला. या कार्यासाठी स्पेरी यांना १९८१ साली नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला. अपस्माराच्या उपचारार्थ ज्यांच्या मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणारा तंतूंचा पूल छेदला होता, अशा रुग्णांच्या दृष्टिक्षेत्राच्या डाव्या बाजूस क्षणभर एखाद्या वस्तूचे चित्र दाखविले, तर रुग्ण ‘मला काही दिसले नाही’ असे म्हणे. परंतु त्याचा डावा हात अनेक वस्तूंतून चाचपून नेमकी तीच वस्तू उचले. उजव्या मेंदूस ज्ञान झाले होते. ते सांगण्यास त्याच्यापाशी वाचा नव्हती.

लुरिया यांचे तीन घटक

विसाव्या शतकात या सर्व धाग्यांची वीण घालण्याचे श्रेय सोव्हिएत रशियातील अलेक्झांडर लुरिया (१९०२–१९७७) यांस दिले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात डोक्यास जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार करताना त्यांनी आपला सिद्धांत पारखून घेतला. त्यांच्या मते मनाचे कोणतेही उच्च कार्य ही एक ‘कार्यव्यवस्था’ असते. मेंदूचे अनेक भाग तीत सहभागी होतात आणि प्रत्येक भाग आपले विशिष्ट योगदान देतो. हे भाग त्यांनी तीन घटकांत मांडले.

आपल्या जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. ऊसतोडीचा हंगाम संपला आहे आणि एक मजूर मुकादमाने पुढे केलेला उचलीचा हिशेब वाचीत आहे. त्यासाठी प्रथम तो जागृत व सावध असला पाहिजे. हे काम मेंदूचा देठ व खोलवरचे भाग यांचे. हा पहिला घटक. रात्रभर गाडी भरून आलेल्या माणसाचा हाच घटक थकलेला असतो. दुसरा घटक मेंदूच्या मागील अर्ध्या भागाचा. तो अक्षरे पाहतो, ध्वनींशी जुळवितो, आकडे ओळखतो, पूर्वीच्या आठवणींशी ताडून ठेवतो. तिसरा घटक कपाळामागील खंडाचा. हेतू ठरविणे, क्रम आखणे, तात्कालिक उर्मी आवरणे आणि केलेले बरोबर आहे की नाही हे तपासणे ही त्याची कामे. ‘गेल्या वर्षीची बाकी दोनदा कशी धरली?’ हा प्रश्न या तिसऱ्या घटकामुळे सुचतो. तिन्हींपैकी एक दुबळा झाला तरी हिशेब वाचला जात नाही. मात्र प्रत्येक वेळी बिघाडाचे स्वरूप निराळे असते. हे स्वरूप ओळखून शाबूत भागांच्या साहाय्याने कार्याची नवी मांडणी करून देणे, हाच लुरिया यांच्या उपचाराचा गाभा होता.

नंतरच्या संशोधनाने हा दृष्टिकोन पुष्ट केला. लबोर्नचा मेंदू पॅरिस येथे जतन करून ठेवला होता. २००७ साली त्याची आधुनिक यंत्राने प्रतिमा घेतली असता, ब्रोकाने पृष्ठभागावर पाहिलेल्या जागेपेक्षा इजा कितीतरी खोल गेलेली व जोडणाऱ्या तंतूंनाही पोहोचलेली आढळली. मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत, आणि त्यांच्या जाळ्यांचा अभ्यास हे आजच्या संशोधनाचे प्रमुख अंग झाले आहे. गणना जागांची करावयाची नसून संबंधांची करावयाची आहे, हे त्याचे सार होय.

शिक्षणाने घडणारा मेंदू

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. या जोडण्या जन्मतः पक्क्या होतात काय? १९४९ साली कॅनडातील डोनाल्ड हेब यांनी मांडले की ज्या पेशी वारंवार एकत्र कार्य करतात त्यांच्यातील जोड बळकट होतो. म्हणजे अभ्यास ही मेंदूची रचना बदलणारी क्रिया आहे. लुरिया यांनी १९३१–३२ साली उझबेकिस्तानातील निरक्षर शेतकऱ्यांचा अभ्यास केला. अनुभवाबाहेरच्या विधानांवरून अनुमान काढण्यास हे शेतकरी तयार नसत. परंतु अल्पकाळ शिक्षण मिळालेले त्यांचेच गावकरी ते सहज करीत. फरक वंशाचा नव्हता, शाळेचा होता.

अगदी जवळचे उदाहरण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचे. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी लिपीत वाचन शिकविण्यात आले. त्यांत तिशीतल्या स्त्रिया बहुसंख्य होत्या. आरंभी व अखेरीस त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. बाह्यकाचा दृष्टीशी संबंधित भाग तर बदललाच, पण त्याचा मेंदूच्या खोल, उत्क्रांतीच्या दृष्टीने पुरातन भागांशी असलेला मेळही अधिक घट्ट झालेला दिसला. ज्या लिपीत हा लेख छापला जात आहे तिच्याच अक्षरांनी, वयाच्या तिशीत, सहा महिन्यांत हे घडविले.

याचा अर्थ मेंदू कसाही वळविता येतो असा नव्हे. बालपणी जी जोडणी सहज होते तीस प्रौढपणी अधिक कष्ट पडतात, आणि मोठी इजा पूर्णपणे भरून येईलच असेही नाही. म्हणून बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांचा प्रश्न गंभीर ठरतो. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे आईबापांचा कोयता पश्चिम महाराष्ट्र वा कर्नाटकाच्या वाटेस लागतो व मुलांची शाळा पाच-सहा महिने तुटते. साखरशाळा व हंगामी वसतिगृहे यांच्याकडे दयेची योजना म्हणून पाहणे योग्य नाही. मेंदू घडण्याच्या ऐन काळात होणारे नुकसान रोखण्याचा तो उपाय आहे. अशी मुले मागे पडली तर तो त्यांच्या जन्माचा दोष नव्हे. तुटलेल्या अभ्यासाचा परिणाम होय.

रथ कोठे आहे?

मिलिंदपञ्हातील रथाचा दृष्टांत आपल्या वाचकांना ठाऊक आहे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे सुरू केलेल्या महाविद्यालयास मिलिंदाचे व त्याच्या परिसरास नागसेनाचे नाव लाभले आहे. नागसेन स्थविर राजाला विचारतात, चाक हा रथ काय? आस हा रथ काय? प्रत्येक अंग वेगळे धरले तर रथ सापडत नाही. अंगे विशिष्ट रीतीने जुळली असता ‘रथ’ हा व्यवहार होतो. हा दृष्टांत पुद्गलाविषयी आहे, मेंदूविषयी नाही, हे आम्ही विसरत नाही. तथापि मेंदूच्या सिद्धांतांचा दोनशे वर्षांचा प्रवास समजून घेण्यास तो उपयोगी पडतो. गालने चाकातच रथ पाहिला. फ्लूरान्सने रथाचे सर्व लाकूड सारखेच मानले. लुरिया यांनी कोणते अंग काय काम करते आणि ती अंगे कशी जुळतात, हे तपासले.

व्यवहारात यावरून काय करावे, तेही सांगणे आवश्यक आहे. तोंड वाकडे होणे, एक हात वर न राहणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अकस्मात दिसले तर तेल चोळीत अथवा देवऋष्याची वाट पाहत बसू नये. मेंदूची प्रतिमा घेण्याची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्णास तत्काळ न्यावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन योग्य रुग्णास साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्यानंतरचे काम घरच्यांचे आहे. वाचा गेलेल्या माणसाशी लहान वाक्यांत, सावकाश बोलावे. ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी खूण करता येईल असे प्रश्न विचारावेत. त्याला उत्तरासाठी वेळ द्यावा. वाचोपचार मिळत असल्यास तो अवश्य घ्यावा. त्याला किती समजते हे इजेच्या जागेवर अवलंबून आहे. ते तपासल्यावाचून त्याला समजत नाही असे ठरवू नये, आणि शेतीचे, घराचे निर्णय त्याला वगळून घेऊ नयेत. त्याची वाचा गेली आहे. तो गेलेला नाही.